अमेरिकेत घरापुढची निवडणूक पाटी: कायदा, एचओए, व्हिसा आणि शेजार

अंगण | 14 ऑक्टोबर 2024

दर निवडणुकीला हे प्रश्न दहा धाग्यांवर विखुरलेले असतात, म्हणून एकच धागा काढतोय. घरापुढच्या हिरवळीवर पाटी कुठे लावायची, कशी रोवायची, एचओएची (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची) नोटीस आली तर काय करायचं, व्हिसावर असाल तर काय चालतं आणि समोरच्या घरापुढे उलट्या पक्षाची पाटी असेल तर शेजार कसा टिकवायचा. हॅरिस की ट्रम्प हा वाद कृपया इथे नको, त्याला दुसरे धागे आहेत.

आधी कायद्याचं बोलू, कारण बरीचशी भांडणं तिथल्या गैरसमजातून पेटतात. स्वतःच्या घरावर मत मांडणारी पाटी लावायला गाव किंवा शहर सरसकट बंदी घालू शकत नाही. मिझुरीतल्या लाड्यू गावाने घरांवरच्या जवळपास सगळ्याच पाट्या बंद केल्या होत्या. मार्गारेट गिलिओ यांनी आखाती युद्धाविरुद्ध आधी अंगणात पाटी लावली आणि नंतर खिडकीत साडेआठ बाय अकरा इंचांचा कागद. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 1994 मध्ये कोर्टाने एकमताने गावाचा नियम रद्द केला. 2015 मध्ये अ‍ॅरिझोनातल्या गिल्बर्ट गावाचा खटला आला. तिथे राजकीय पाटीला एक माप, चर्चची वाट दाखवणाऱ्या पाटीला दुसरं माप, असे नियम होते. पाटीवर काय लिहिलंय ते वाचून नियम बदलता येणार नाहीत, असं कोर्टाने सांगितलं. तरीही ‘राजकीय पाट्या निवडणुकीआधी अमुक दिवसच’ अशी जुनी कलमं काही गावांच्या नियमावलीत अजून छापलेली दिसतात. कोणी ते कलम दाखवलं तर हुज्जत घालू नका. गावाच्या क्लार्कला ईमेल करून हे कलम आज लागू केलं जातं का, ते लेखी विचारा.

आता जागा. गवत आपण कापतो म्हणून जमीन आपली, असं नाही. फूटपाथ आणि रस्त्याची कड यांच्यामधली पट्टी बहुतेक ठिकाणी सार्वजनिक हद्दीत येते. फूटपाथ नसेल तर ही हद्द डांबरापासून आत कित्येक फूट असू शकते. घर घेताना मिळालेल्या सर्व्हेच्या नकाशात ती दाखवलेली असते, आणि अनेक काउंट्यांच्या संकेतस्थळांवरही नकाशा असतो. विजेचा खांब किंवा पाण्याच्या मीटरचं झाकण दिसलं तर त्या रेषेच्या घराकडच्या बाजूला राहा. त्या पट्टीतली पाटी पालिकेने उचलली तर ती चोरीही नसते आणि पक्षपातही नसतो.

प्लेनोकर | 14 ऑक्टोबर

वरचं सगळं सरकारला लागू आहे. एचओए हा खासगी करार, त्यामुळे तिथे राज्याचा कायदा बघावा लागतो. टेक्सासपुरतं लिहितो.

इलेक्शन कोडचं कलम 259.002. मतदानाच्या 90 दिवस आधीपासून मतदानानंतर 10 दिवसांपर्यंत एचओए उमेदवाराची पाटी बंद करू शकत नाही. 5 नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी ही मुदत 7 ऑगस्टलाच सुरू झाली. मात्र एचओए काही अटी घालू शकते: पाटी जमिनीत रोवलेली हवी आणि एका उमेदवारासाठी किंवा मतपत्रिकेवरच्या एका विषयासाठी एकच. शिवाय कायद्यात एक यादी आहे, आणि तिथेच लोक अडकतात. पाटीला दिवे किंवा फुगे लावलेले असतील, ती झाडाला, गाडीला किंवा कुठल्याही बांधकामाला बांधलेली असेल, चार बाय सहा फुटांपेक्षा मोठी असेल, सोबत पताका किंवा आवाज असेल, तर एचओए ती काढायला लावू शकते. म्हणजे कुंपणाला झिप टायने बांधलेली पाटी गेली, गॅरेजच्या दारावरचा बॅनर गेला.

यंदा दिवाळी 31 ऑक्टोबर-1 नोव्हेंबरला आहे, म्हणून मुद्दाम सांगतो: दिव्यांची माळ पाटीच्या तारेवरून नेऊ नका. माळ वेगळी, पाटी वेगळी.

दंडाची धमकी आली तर प्रॉपर्टी कोडचं कलम 209.006 वाचा. दंड लावण्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती पाठवल्यापासून 30 दिवसांत तुम्ही सुनावणी मागू शकता. पाटीचे दोन फोटो काढा, एक टेप लावून मापाचा आणि एक रस्त्यावरून जागेचा. कलमाचा क्रमांक लिहून चार ओळींचं पत्र सर्टिफाइड मेलने पाठवा. मॅनेजमेंट कंपनीतल्या माणसाशी फोनवर वाद घालून काही होत नाही, तो फक्त छापील पत्रं पाठवत असतो.

मोगरा_एडिसन | 14 ऑक्टोबर

न्यू जर्सीत टेक्साससारखं दिवस मोजणारं गणित नाही, पण राज्याच्या सुप्रीम कोर्टाचा 2012 चा निकाल आहे आणि तो आपल्या पार्सिपनीतला आहे. मॅझडाब्रुक कॉमन्स या टाउनहाऊसच्या वसाहतीत ‘घर विकणे आहे’ एवढीच पाटी चालत होती. वसीम खान नगरपरिषदेला उभे होते, त्यांनी स्वतःच्या प्रचाराची पाटी स्वतःच्याच घराच्या खिडकीत आणि दारात लावली. असोसिएशनने ती काढायला लावली. कोर्टाने सांगितलं की न्यू जर्सीच्या राज्यघटनेतलं भाषणस्वातंत्र्य इथेही लागू आहे. आकार, संख्या, जागा यांवर वाजवी बंधनं घाला, सरसकट बंदी नको.

टाउनहाऊसमध्ये पुढचं गवत बहुतेकदा सामाईक असतं. तिथे काठी रोवायचा हक्क या निकालाने मिळत नाही. खिडकीतली पाटी आतून लावा.

नवखा_सॅनहोजे | 15 ऑक्टोबर

कॅलिफोर्नियात भाड्याच्या घरात राहणाऱ्यांचं काय? घरमालकाला नाही म्हणता येतं का?

अंगण | 15 ऑक्टोबर

@नवखा_सॅनहोजे, कॅलिफोर्नियात भाडेकरूसाठी वेगळं कलम आहे, सिव्हिल कोड 1940.4. निवडणुकीशी संबंधित पाटी घरमालक सरसकट नाकारू शकत नाही. अपार्टमेंट असेल तर खिडकी आणि दार, स्वतंत्र घर असेल तर बाल्कनी आणि अंगणही चालतं. माप सहा चौरस फुटांपर्यंत. नेहमीची 18 बाय 24 इंचांची पाटी तीन चौरस फुटांची होते, तिला अडचण नाही. मालक मुदत ठरवू शकतो, पण ती किमान मतदानाआधी 90 दिवस आणि नंतर 15 दिवस अशी हवी. घर तुमच्या मालकीचं असून एचओए असेल तर कलम 4710 बघा, तिथे पाटीला नऊ आणि झेंडा-बॅनरला पंधरा चौरस फूट.

इतर राज्यांत भाडेकरूने आधी लीज वाचावं. असं संरक्षण सगळीकडे नाही.

पाना_पक्कड | 15 ऑक्टोबर

रोवण्याबद्दल लिहितो, कारण वादळाच्या पहिल्याच रात्री निम्म्या पाट्या आडव्या होतात आणि मग शेजाऱ्यावर संशय घेतला जातो.

नेहमीची पाटी चार मिलीमीटर जाडीच्या पन्हळी प्लास्टिकची असते. आत उभ्या नळ्या असतात. इंग्रजी एच अक्षरासारखी तारेची चौकट येते, साधारण 10 इंच रुंद आणि 30 इंच उंच. तिचे वरचे दोन काटे या नळ्यांत सरकवायचे, पाटी आडव्या तारेवर टेकेपर्यंत. काटे तिरके गेले तर पत्रा फोडून बाहेर येतात, म्हणून दोन्ही काटे सरळ आणि एकदम सरकवा. स्वतः छापून घेत असाल तर नळ्या उभ्या हव्यात हे ऑर्डरमध्ये लिहा. आडव्या आल्या तर तार जातच नाही.

पाटी धरून चौकट जमिनीत दाबू नका, प्लास्टिक मधोमध दुमडतं. आधी चौकट रोवा: खालच्या आडव्या तारेवर बूट ठेवून सरळ दाब द्या, मग वरून पाटी बसवा. टेक्सास-ऑक्लाहोमाची चिकणमाती कोरडी असेल तर आदल्या संध्याकाळी पाणी मारा किंवा सळईने दोन भोकं पाडून घ्या. कडक मातीत जोर केला की तार वाकते, आणि एकदा वाकलेली तार पुढच्या वाऱ्यात तिथेच पुन्हा वाकते. वाऱ्याने पाटी वर सरकून उडू नये म्हणून खालच्या कडेजवळ भोक पाडून छोट्या झिप टायने ती आडव्या तारेला बांधा. मोकळ्या वाऱ्याची जागा असेल तर 24 इंचांच्या रुंदीत दोन चौकटी बसतात.

पाटी रस्त्याला काटकोनात ठेवा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या दोन्ही गाड्यांना दिसते. ताशी 25 मैलांची गाडी सेकंदाला सुमारे 37 फूट जाते. ठळक अक्षर उंचीच्या दर इंचाला साधारण 25-30 फुटांवरून वाचता येतं. म्हणजे पाच इंची नाव 125 फुटांवर वाचायला सुरुवात झाली तर चालकाच्या हाती सव्वातीन-साडेतीन सेकंद. त्यात आडनाव आणि पद, बस्स. घोषवाक्य कोणी वाचत नाही.

जमिनीखालचंही बघा. कुत्र्याच्या अदृश्य कुंपणाची तार इंच-दोन इंचांवर असते, ठिबकचे पाइपही वरच असतात. चार बाय आठचा मोठा फलक खांबांवर लावणार असाल तर काही दिवस आधी 811 ला फोन करा. सेवा फुकट आहे. ते येऊन रंगाच्या खुणा करतात: पिवळी गॅसची, लाल विजेची, निळी पाण्याची. तुमच्या स्प्रिंकलरच्या खासगी पाइपांच्या खुणा मात्र ते करत नाहीत.

कोपऱ्याचं घर असेल तर वळणावरचा त्रिकोण मोकळा ठेवा. तिथे पाटी उभी केली की वळणाऱ्या गाडीला सायकलवरचं पोर दिसत नाही.

कागदपत्रं | 16 ऑक्टोबर

व्हिसावाल्यांनी हे शांतपणे वाचावं. इथली चूक पाटी पडण्याइतकी किरकोळ नसते.

नागरिक नसलेल्यांचे दोन गट करा. ग्रीन कार्डवाले निवडणुकीसाठी देणगी देऊ शकतात आणि खर्चही करू शकतात. एच-1बी, एच-4, एल-1, एफ-1 अशा तात्पुरत्या व्हिसावाल्यांना फेडरल कायद्याने देणगी आणि खर्च दोन्ही बंद आहेत, आणि हे राज्याच्या, गावाच्या, स्कूल बोर्डाच्या निवडणुकीलाही लागू आहे. मत मांडणं, बिनपगारी स्वयंसेवक म्हणून काम करणं बंद नाही.

मेख अशी की उमेदवाराच्या मोहिमेकडून टोपी, टी-शर्ट किंवा पाटी विकत घेतली की ती पूर्ण रक्कम देणगी धरली जाते. वीस डॉलरची पाटीसुद्धा. त्यामुळे एच-1बीवाल्याने मोहिमेच्या दुकानातून पाटी घेऊ नये. मग स्वतःच्या पैशाने छापून घ्यावी का? तेही नको. एका कॅनेडियन वकिलाला असाच खर्च करून पत्रकं छापायची आणि सेंट्रल पार्कात वाटायची होती. 2011 मध्ये वॉशिंग्टनच्या फेडरल कोर्टाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला, निकालपत्र आज सुप्रीम कोर्टात असलेल्या ब्रेट कॅव्हना यांचं, आणि 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायम केला. त्याच निकालात एक फरकही केलाय: एखाद्या प्रश्नावर मत मांडण्याला ही बंदी नाही, उमेदवाराला निवडून द्या किंवा पाडा असं सांगण्यासाठी केलेल्या खर्चाला आहे.

घरात एकजण नागरिक असेल तर त्याने स्वतःच्या पैशातून पाटी घ्यावी. दुसऱ्याने ते पैसे नंतर भरून देऊ नयेत, दुसऱ्याच्या नावाने देणगी देणं हा वेगळा गुन्हा आहे.

सुगरण_कॅरी | 16 ऑक्टोबर

@कागदपत्रं, स्वयंसेवक दारावर येऊन फुकट पाटी देऊन गेले तर?

कागदपत्रं | 16 ऑक्टोबर

फुकट मिळालेली पाटी लावण्यात तुमचा खर्च नाही. पण त्याच स्वयंसेवकाच्या हातात मतदार नोंदणीचा फॉर्मही असतो आणि तो सगळ्यांना एकाच सुरात ‘इथे सही करा’ म्हणतो. नागरिक नसाल तर त्या फॉर्मला हात लावू नका, ग्रीन कार्ड असलं तरी. ‘मी नागरिक आहे’ या चौकटीखालची सही पुढे नागरिकत्वाच्या अर्जात अडवते, हद्दपारीपर्यंतही जाऊ शकते. भारतातून आलेले आई-बाबा दिवसा घरी एकटे असतात. त्यांना आधीच सांगून ठेवा: कुठल्याही कागदावर सही करायची नाही, ‘प्लीज कम इन द इव्हिनिंग’ म्हणायचं.

ढोलपथक | 17 ऑक्टोबर

मंडळांबद्दल. बहुतेक महाराष्ट्र मंडळं 501(सी)(3) खाली नोंदलेली करमुक्त संस्था आहेत. 1954 पासून अशा संस्थांना कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करायला बंदी आहे. दिवाळीच्या कार्यक्रमात हॉलच्या दाराशी उमेदवाराची पाटी, मंडळाच्या ईमेल यादीवरून ‘आपल्या माणसाला मत द्या’, मंडळाच्या अधिकृत व्हॉट्सअ‍ॅप गटावर अध्यक्षांनी टाकलेलं आवाहन, हे तिन्ही टाळा. उमेदवार मराठी असला तरी नियम तोच. बेळगावचे श्री ठाणेदार 2022 मध्ये मिशिगनच्या 13व्या मतदारसंघातून अमेरिकी काँग्रेसवर निवडून आले, याचा अभिमान वाटणं स्वाभाविक आहे. पण तो वैयक्तिक खात्यावर व्यक्त करा. सगळ्या उमेदवारांना सारखी संधी देऊन बोलावणं किंवा कुणाचंही नाव न घेता मतदार नोंदणीचं टेबल लावणं चालतं.

अध्यक्षांच्या स्वतःच्या घरापुढची पाटी हा त्यांचा प्रश्न. फक्त तिच्यासमोर उभं राहून मंडळाच्या टी-शर्टमध्ये फोटो नको.

रानजाई | 18 ऑक्टोबर

कायदा झाला, काठी रोवून झाली. आता ज्यासाठी मी या धाग्यावर आले ते लिहिते.

पाटी लावणारा एक माणूस असतो, घरात राहणारी चार असतात. समोरच्या घरापुढे आपल्याला न पटणारं नाव दिसलं की आपण अख्ख्या घरावर शिक्का मारतो. अनेक घरांत नवरा-बायकोची मतं वेगळी असतात, कॉलेजातल्या मुलीचं तिसरंच असतं. म्हणून पाटीवरून माणूस ओळखायला जाऊ नका. बर्फ पडल्यावर तुमचाही फूटपाथ मोकळा करून देणारा तोच असतो, तुम्ही भारतात गेलात की टपाल उचलणाराही तोच.

पाटी लावताना काही गोष्टी आधीच सांभाळल्या तर कटुता येत नाही. हद्दीला लागून लावू नका, सहा-आठ फूट आत घ्या. दोन घरांच्या मधोमध उभी राहिलेली पाटी दोघांचीही वाटते, आणि ज्याला ती नको असते त्याला ते फार लागतं. दोन्ही अंगणांचं गवत एकच माणूस कापत असेल तर त्याच्या दिवशी सकाळी पाटी स्वतः काढून ठेवा. समोरच्याने एक लावली म्हणून आपण तीन लावू नका. तो चौथी आणतो, आणि नोव्हेंबरभर दोन्ही घरची पोरं एकाच बस स्टॉपवर पाठ फिरवून उभी राहतात. शिवीगाळ किंवा कुणाच्या धर्माची, वंशाची टर उडवणारी पाटी लावूच नका. उमेदवाराचं नाव हा पाठिंबा असतो, शिवी ही थेट शेजाऱ्याच्या खिडकीकडे तोंड करून उभी असते.

‘तुम्ही कुणाला मत देणार?’ असं कोणी विचारलं तर उत्तर द्यायचं बंधन नाही. ‘आमच्यात मत गुप्त ठेवतात, पण स्कूल बोर्डाबद्दल तुम्हाला काय वाटतं ते ऐकायला आवडेल’ एवढं पुरतं. शाळा, कर, रस्ते यांवर बोलणं पक्षावर बोलण्यापेक्षा सोपं जातं आणि त्यातून ओळख वाढते.

एक गोष्ट मनापासून सांगते. शेजाऱ्याच्या घराचा पाटीसकट फोटो काढून देशी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर टाकणं ताबडतोब थांबवा. घराचा नंबर दिसतो, गाडीची नंबरप्लेट दिसते, खाली जे लिहिलं जातं ते फिरत फिरत त्या घरापर्यंत पोहोचतं. एका फॉरवर्डमुळे अख्ख्या गल्लीत आपल्या लोकांविषयी मत बनतं आणि ते पुसायला वर्षं जातात.

31 तारखेला यंदा हॅलोविन आणि दिवाळी एकाच संध्याकाळी आहेत. गल्लीतलं प्रत्येक पोर तुमच्या दारी येणार, ज्यांच्या घरी उलटी पाटी आहे तीही. चालायच्या वाटेपासून तारेची चौकट किमान तीन फूट लांब घ्या, अंधारात पाय अडकतो. आणि चॉकलेटच्या टोपल्यांबरोबर समोरच्या घरी चकलीची एक पुडी द्या. पदार्थात शेंगदाणे, काजू असतील तर तसं चिठ्ठीवर लिहा, इथे अ‍ॅलर्जीची मुलं बरीच असतात.

पाना_पक्कड | 18 ऑक्टोबर

@रानजाई, गवत कापण्याच्या मुद्द्याला जोड: पाटी काढून ठेवताना भोकाच्या जागी छोटा खडा ठेवा. नाहीतर दर आठवड्याला नवं भोक पडतं आणि चौकट सैल होते.

मोगरा_एडिसन | 19 ऑक्टोबर

पाट्या चोरीला जाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. दुसऱ्याच्या अंगणातून पाटी उचलणं हा गुन्हा आहे, किंमत पाच डॉलर असली तरी. पोलिसांना तातडीच्या नसलेल्या क्रमांकावर कळवा, 911 नको. तारीख, वेळ आणि कॅमेऱ्यातलं चित्रण द्या. पाठलाग करू नका. पाटीच्या कडेला ब्लेड चिकटवणं, तार विजेला जोडणं असले सापळे लावू नका. कुणाला, विशेषतः एखाद्या मुलाला, इजा झाली तर गुन्हेगार तुम्ही ठरता. नवी पाटी घराच्या भिंतीजवळ लावा, उचलणारा सहसा दारापर्यंत येत नाही.

उलट, न विचारता कोणी तुमच्या अंगणात पाटी रोवून गेलं तर ती तुम्ही काढू शकता. मोडू नका. गॅरेजमध्ये ठेवा आणि मोहिमेला फोन करून न्यायला सांगा. सार्वजनिक पट्टीतली विरोधी पाटी ‘इथे बेकायदा आहे’ म्हणून स्वतः उपटू नका, ते काम पालिकेचं आहे. आणि मेलबॉक्समध्ये टपाल तिकिटाशिवाय पत्रक टाकू नका, फेडरल कायद्याने मनाई आहे. दाराला अडकवा.

तर्कट | 19 ऑक्टोबर

एवढा खटाटोप करून मतं मिळतात का? राज्यशास्त्रज्ञ डोनाल्ड ग्रीन आणि सहकाऱ्यांनी चार निवडणुकांत चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या भागांत पाट्या लावून प्रयोग केले, ते 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. सरासरी परिणाम 1.7 टक्के गुणांचा निघाला. अध्यक्षपदाच्या नावाला पाटीची गरज नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. पण स्कूल बोर्ड, टाउन कौन्सिल, काउंटी जज अशा पदांना मतपत्रिकेवर अनेकदा पक्षही लिहिलेला नसतो आणि नावं अनोळखी असतात. एकच पाटी लावायची असेल तर ती तिथली लावा. शेजाऱ्याशीही त्यावरून भांडण होत नाही.

कोथरूड_ते_कोलंबस | 20 ऑक्टोबर

महाराष्ट्रात 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान आहे, त्यामुळे तिथले नातेवाईक इथले फोटो बघून विचारतात की निवडणूक आयोग हे कसं चालवून घेतो. तिथे आचारसंहितेत खासगी भिंतीवर झेंडा-फलक लावायलाही मालकाची परवानगी लागते आणि पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापावं लागतं. इथे आचारसंहिता नावाची गोष्ट नाही, पण मोहिमेने छापलेल्या पाटीच्या तळाशी खर्च कोणी केला ती ओळ असते. ती वाचत जा. उमेदवाराच्या नावाची पाटी दुसऱ्याच गटाने छापलेली असते, असंही दिसतं. आणि मतदान केंद्राजवळ बहुतेक राज्यांत 100 फुटांच्या आत प्रचार चालत नाही. टोपी, बिल्ला, टी-शर्ट गाडीत ठेवून रांगेत उभे राहा.

अंगण | 21 ऑक्टोबर

आज टेक्सासमध्ये लवकर मतदान सुरू झालं. शेवटी पाट्या काढण्याबद्दल. एचओए नसली तरी निवडणुकीनंतर आठवड्याभरात काढा. हरलेल्या बाजूची पाटी महिनाभर राहिली तर ती आव्हान वाटते, जिंकलेल्या बाजूची राहिली तर डिवचणं. पन्हळी प्लास्टिक पॉलिप्रोपिलीनचं, पाच नंबरचं असतं. बहुतेक गावांच्या रिसायकलिंगच्या निळ्या डब्यात ते चालत नाही, पक्षाच्या स्थानिक कार्यालयात किंवा काउंटीच्या संकलन केंद्रात विचारा. तारेच्या चौकटी भंगारात घेतात, पण त्या टाकू नका. स्थानिक उमेदवारांना पुढच्या वर्षी हव्याच असतात. चौकट उपसताना तिला हलवत सरळ वर ओढा आणि भोकं मातीने बुजवा, नाहीतर वसंतात गवत कापायच्या यंत्राचं चाक तिथे रुततं.

ज्यांच्या राज्याचा एचओए कायदा इथे आला नाही त्यांनी राज्याचं नाव लिहा, कलम शोधून इथेच टाकतो.